पाण्याचा ओघळ दिसला की कुत्री गच्चीवर पळते, आता तर चावली. काय करावं?

लवंगीची_आई · १४ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसताच वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आमच्याकडं लवंगी नावाची गावठी कुत्री आहे. २०२१ च्या जुलैत पंचगंगेला महापूर आला तेव्हा प्रयाग चिखलीत माझ्या मामांच्या शेजारच्या गोठ्याच्या पत्र्यावर ती सापडली. बोटवाले माणसं काढत होते, त्यांनी हिलाही उचललं. पत्र्यावर किती वेळ होती देव जाणे. वर्षाचीही नसेल तेव्हा. पूर ओसरला तरी कुणी न्यायला आलं नाही, मामांकडं आधीच दोन कुत्री, म्हणून मी कसबा बावड्याला घेऊन आलो.

नाव लवंगी, पण स्वभाव गरीब. फटाक्यांना अजिबात भीत नाही. दिवाळीत दारात सुतळी बॉम्ब वाजला तरी कान हलवते आणि परत झोपते. गणपतीत डॉल्बीच्या बाजूनं चालत गेली आहे. पण गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली, ते पाणी अंगणात पडलं आणि त्याचा ओघळ फरशीवरनं उंबऱ्याखाली आला की संपलं. अंग थरथरतं, लाळ गळते आणि धूम गच्चीवर. करंगळीएवढा ओघळ असला तरी हेच.

ही खोड मोडायची म्हणून सासूबाईंनी गेल्या वर्षापासून जिन्याचं वरचं दार लावून ठेवायला सुरुवात केली. मग ती त्या दारापाशी जाऊन ओरबाडत बसायला लागली. परवा रविवारी मोटर बंद करायची राहिली. लवंगी जिन्यात वर, दार बंद. धाकटे दीर पट्टा धरून तिला खाली ओढायला लागले आणि तिनं मनगटाला कडकडून चावलं. जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली, सीपीआरला (सरकारी दवाखान्यात) जाऊन इंजेक्शनं सुरू केलीत. तिची रेबीजची लस दरवर्षी होते, तरीपण.

सासरे म्हणतात कुत्री बिघडली, मामाकडं सोडून ये. दीर बिचारे काहीच बोलत नाहीत. मला एवढंच विचारायचंय, इतक्या वर्षांचं जनावराच्या डोक्यात राहतं का? आणि राहत असेल तर जातं का?

तालमीतला_गडी · १४ जून, रात्री ११:१५

लाड जास्त झाल्यात. मालकावर दात उचलला की तिथल्या तिथं दोन फटकं द्यायचं, परत नाव घेत नाही. आमच्या तालमीपाशी एक कुत्रं असंच अंगावर यायचं. वस्तादांनी एकदा काठी दाखवली, आता गप कोपऱ्यात पडून असतंय.

सदाशिव_पेठी · १४ जून, रात्री ११:३२

दादा, आधी कुत्रीला डॉक्टरांना दाखवा. मारहाण वगैरे नको.

लवंगीची_आई · १४ जून, रात्री ११:४०

दादा नाही हो, ताई. आमच्यात बायका पण आलो-गेलोच म्हणतात.

जित्राबांचा_डॉक्टर · १५ जून, सकाळी ७:०५

करवीर तालुक्यात जनावरांची प्रॅक्टिस करतो. लवंगीला बघितलेलं नाही, त्यामुळं माझं बोलणं त्या बेतानंच घ्या.

पहिलं काम, तिला नेहमीच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. कान, दात, कंबर, सांधे सगळं. दुखणं असलं की भीती दुप्पट होते आणि जनावर लवकर चावतं. कंबर दुखणाऱ्या कुत्रीला जिन्यावरनं ओढलं तर ती गरीब असली तरी दात लावणारच.

आता तुमच्या प्रश्नाकडं. राहतं, आणि चांगलं राहतं. मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग आहे. धोक्याची खूण एकदा तिथं बसली की पुढच्या वेळी विचाराला वावच नसतो. खूण दिसते, ॲड्रिनलिन सुटतं, काळीज धडधडतं, पाय पळायला लागतात. जिवावर बेतलेला प्रसंग असेल तर एकदाच घडून पुरतो. भाकरी दाखवून 'बस' शिकवायला पन्नास वेळा लागतात, हे एका वेळेत शिकलं जातं. जंगलात ज्याला दुसऱ्या वेळेची गरज पडली, तो उरलाच नाही.

आणखी एक. चावायच्या आधी ती कधी गुरगुरली होती का?

लवंगीची_आई · १५ जून, सकाळी ९:२०

हो. मागच्या पावसाळ्यात दोन-तीनदा गुरगुरली होती. सासूबाईंनी चप्पल दाखवली तेव्हापासून गुरगुरणं बंद झालं. आम्हाला वाटलं सुधारली.

जित्राबांचा_डॉक्टर · १५ जून, सकाळी ९:४५

तिथंच गफलत झाली. गुरगुरणं म्हणजे 'पुढं येऊ नको' ही सूचना. चप्पल दाखवून सूचना बंद पडली, भीती होती तिथंच राहिली. मग लोक म्हणतात, काही न करता चावली. गुरगुरणारं कुत्रं मला परवडतं, तिथं हात मागं घ्यायला वेळ मिळतो.

मानसशास्त्राची_मास्तरीण · १५ जून, दुपारी २:३०

'करंगळीएवढा ओघळ' वाचून थांबले. हे जवळजवळ असंच शंभर वर्षांपूर्वी घडून गेलंय.

घंटा ऐकली की कुत्र्याला लाळ सुटते, या प्रयोगामुळं रशियन शास्त्रज्ञ पावलॉव सगळ्यांना माहीत असतो. त्याच्या कुत्र्यांचा पूर मात्र फारसा कुणी सांगत नाही. २३ सप्टेंबर १९२४ ला लेनिनग्राडमध्ये नेवा नदीला मोठा पूर आला. प्रयोगशाळेची कुत्री पिंजऱ्यांत होती. पाणी चढत गेलं तशी ती पोहत पोहत पिंजऱ्याच्या छतापर्यंत आली. पिंजऱ्याची दारं मात्र खाली, पाण्यात बुडालेली. म्हणजे बाहेर काढायचं तर कुत्र्याला आधी पाण्याखाली दाबून दारातून ओढायला लागत होतं. कुत्री वाचली. पण त्यातली काही नंतर प्रयोगात उभीच राहीनात, इतक्या महिन्यांचं शिकवलेलं सगळं पुसल्यासारखं झालं. हळूहळू ती पूर्ववत झाली. मग एके दिवशी मुद्दाम खोलीच्या दाराखालून थोडंसं पाणी आत सोडलं. नुसता ओघळ. आणि कुत्र्याची सगळी घडी पुन्हा विस्कटली.

पुराचा आवाज नको, नदी नको, दाराखालचा ओघळ पुरला. लवंगीला सुतळी बॉम्बचं काही वाटत नाही यात विसंगती मुळीच नाही. भीती मोघम 'मोठ्या आवाजाची' नसते, ज्या खुणेबरोबर ती आत शिरली त्या खुणेची असते. पूर घरात शिरतो तेव्हा पहिल्यांदा ओघळ म्हणूनच शिरतो, हे कोल्हापुरात वेगळं सांगायला नको.

तालमीतल्या दादांसाठीही एक. १९६७ मध्ये सेलिगमन आणि मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. आज कुणी असे करू देणार नाही, ते सोडा. काही कुत्र्यांना विजेचे धक्के असे दिले की काहीही केलं तरी ते थांबत नसत. नंतर त्यांना अशा खोक्यात ठेवलं की मधली बुटकी आडभिंत ओलांडली की सुटका. बरीचशी ओलांडेनातच. कण्हत पडून राहिली. पण ज्या कुत्र्यांना आधीचे धक्के स्वतः कळ दाबून थांबवता येत होते, ती पटकन उडी मारून पलीकडं गेली. धक्के दोघांनाही तितकेच. फरक एवढाच की एकाला 'माझ्या हातात काहीतरी आहे' हे माहीत होतं. तुमच्या वस्तादांचं कुत्रं कोपऱ्यात गप पडून असतं म्हणता, ते शहाणं झालं की त्यानं आशा सोडली, एकदा जवळ जाऊन बघा. शेपूट कुठं असते, खाणं कसं आहे.

तालमीतला_गडी · १५ जून, दुपारी ३:१०

शेपूट पायातच असती त्याची. बघतो.

पन्हाळ्याचा_वारा · १५ जून, रात्री ८:५०

मला शास्त्र कळत नाही. एक साधी शंका. आमची सगळी कुत्री घाबरली की खाली घुसतात. खाटेखाली, गाडीखाली, चुलवणामागं. ही वर का जाते?

ती पत्र्यावर वाचली होती ना?

लवंगीची_आई · १५ जून, रात्री ९:१२

हे वाचलं, मोबाईल खाली ठेवला आणि जाऊन जिन्याचं दार उघडून आलो. आम्ही वर्षभर तिचा पत्राच बंद करून ठेवला होता की.

आणि दीर तिला खाली ओढत होते. पाण्याकडं.

म्हसवाला_गंगावेस · १५ जून, रात्री १०:३०

डॉक्टर, कुत्रीचं झालं असंल तर माझ्या म्हशीचं सांगा. मी आंबेवाडीचा. वडलांपासनं गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी आणतोय. गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळ पेला हातात द्यायचा, तुमी समद्यांनी पिला असंल.

२०१९ च्या पुरात रात्री गावात भोंग्याची रिक्षा फिरली, जनावरं सोडा म्हणून. दावी कापली आणि अंधारात म्हशी हाकलल्या. चौदातल्या अकरा घावल्या. त्यातली चंद्री तवापासनं भोंग्याची रिक्षा आली की दाव्याला हिसकं देती आणि पान्हा चोरती. इलेक्शनात तर इचारू नका, दिवसाला पाच-पाच रिक्षा. कट्ट्यावरली पोरं म्हणत्यात, म्हशीला राजकारण कळतंय. हसण्यावारी जातंय, पर माझं दोन-तीन लिटर जातंय त्याचं काय? आनि बाकीच्या म्हशी तितंच हुत्या की. त्यास्नी काय न्हाई. हिलाच का?

जित्राबांचा_डॉक्टर · १६ जून, सकाळी ६:५०

मामा, चंद्री दूध चोरत नाही, तिला ते सोडताच येत नाही. सडाला हात लागला, रेडकू दिसलं, चरवीचा आवाज झाला की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि कासेतल्या बारीक पिशव्या पिळल्या जातात. तोच पान्हा. भीतीच्या ॲड्रिनलिननं हे काम अडतं. १९४१ साली ईली आणि पीटरसन या दोघांनी गाईंवर हे दाखवून दिलं. धारेच्या वेळी गाईला दचकवायला त्यांनी कागदी पिशव्या फोडल्या, गाईच्या पाठीवर मांजरसुद्धा ठेवलं. दूध उतरायचं थांबलं.

म्हशीत हे जास्त जाणवतं त्याला कारण आहे. गाईचं साधारण पाचवा हिस्सा दूध आधीच खालच्या पोकळीत उतरलेलं असतं, पान्हा नाही आला तरी तेवढं निघतं. म्हशीचं जेमतेम पाच टक्के. बाकी सगळं पान्ह्यावर. म्हणून म्हैस बिथरली की चरवी कोरडी.

पान्ह्याचं इंजेक्शन टोचायचा मोह कुणी घालील, नको. मग तिला त्याचीच सवय लागते.

त्यापेक्षा मोबाईलवर भोंग्याचा आवाज रेकॉर्ड करा. रोज आंबोण पुढं ठेवलं की अगदी बारीक आवाजात लावा, तिनं कान टवकारावेत पण तोंड आंबोणातून काढू नये इतपत. चार-पाच दिवसांनी किंचित वाढवा. तोंड काढलं तर तुमची घाई झाली, एक पायरी मागं या. धारेच्या वेळी मात्र अजिबात लावू नका.

मानसशास्त्राची_मास्तरीण · १६ जून, सकाळी ११:००

'हिलाच का' हा फार चांगला प्रश्न आहे. पावलॉवची सगळी कुत्रीसुद्धा सारखी बिथरली नव्हती, त्यावरून तो कुत्र्यांच्या स्वभावाचे प्रकार पाडत बसला. पुढं उंदरांवर माँट्रियलला काम झालं. ज्या पिल्लांना आईनं लहानपणी जास्त चाटलं होतं, ती मोठेपणी अडचणीत कमी घाबरत आणि लवकर सावरत. मामा, चंद्री रेडकू असताना काय झालं होतं?

म्हसवाला_गंगावेस · १६ जून, दुपारी १२:२०

आई व्यातानाच गेली हुती तिची. बाटलीवर वाढवली. बाई, तुमी ज्योतिष बगता काय?

राजारामपुरी_गल्लीकर · १६ जून, दुपारी ४:००

विषय निघालाय म्हणून. मागच्या वर्षी कावळ्याचं पिल्लू गटारात पडलं होतं, मी उचलून झाडावर ठेवलं. पुण्याचं काम केलं म्हणायचं तर तेव्हापासून मी गल्लीत आले की कावळे डोक्यावर टोच्या मारतात. छत्री घेऊन भाजीला जाते. आई म्हणते पितर नाराज आहेत.

मानसशास्त्राची_मास्तरीण · १६ जून, सायंकाळी ६:१५

पितरांना मध्ये आणू नका, तुमचा चेहरा त्यांना पाठ झालाय. २००६ मध्ये सिएटलला विद्यापीठाच्या आवारात संशोधकांनी आदिमानवाचा मुखवटा घालून सात कावळे पकडले आणि सोडून दिले. नंतर तो मुखवटा घालून कुणीही आवारात फिरलं की कावळे अंगावर येत. कित्येक वर्षं येत राहिले, आणि ज्यांना कधी कुणी पकडलंच नव्हतं ते कावळेही. त्यांनी दुसऱ्यांचं बघून शिकून घेतलं होतं. तुम्ही वाचवलं की पळवलं हे वरून बघणाऱ्याला कसं कळणार? छत्री चालू ठेवा. रोज ठरल्या वेळी लांबून शेंगदाणे टाकून बघा.

दाजीपूरचा_पाहुणा · १७ जून, सकाळी ८:३०

कुत्री, म्हैस, कावळा झाले, गव्याचं कुणीतरी बोला. राधानगरीकडनं गवा खाली उतरला की आपल्याकडं जत्रा भरते. मोबाईल, शिट्ट्या, मोटारसायकली. लोकांना वाटतं एवढं धूड, त्याला काय होतंय.

९ डिसेंबर २०२० ला पुण्यात कोथरूडमध्ये गवा शिरला होता, आठवत असेल. मागं गर्दी, तो सैरावैरा. पकडला, आणि त्यातच गेला. वेळेला माणसाला मारणारं जनावर नुसत्या धावपळीनं मरतं कसं, हे डॉक्टरांनी सांगावं.

जित्राबांचा_डॉक्टर · १७ जून, दुपारी १:४०

त्या गव्याच्या शवविच्छेदनाला मी नव्हतो, म्हणून सर्वसाधारण सांगतो. रानटी खूरवाल्या जनावराचं शरीर थोड्या वेळाच्या जोरदार पळण्यासाठी बनलंय. वाघ मागं लागला तर दोन मिनिटांत निकाल लागतो, इकडं किंवा तिकडं. माणसांची गर्दी तासन्‌तास मागं असते. अंग तापत जातं, रक्तात आम्ल साठतं, स्नायू अक्षरशः फुटायला लागतात आणि त्यांतला रंगद्रव्याचा घटक मूत्रपिंडात जाऊन अडकतो. हृदय तिथल्या तिथं बंद पडू शकतं, नाहीतर जनावर सोडून दिल्यावर दोन-चार दिवसांनी जंगलात मरतं आणि आपल्याला कळतही नाही. म्हणून डोळे झाकणं आणि आवाज बंद करणं ही पकडतानाची पहिली काळजी. कोल्हापूर दरबारचे चित्तेवानसुद्धा चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवूनच त्याला गाडीवरून शिकारीला नेत. दिसेना झालं की निम्मी भीती जागीच बसते.

गवा दिसला तर वन खात्याला फोन करायचा आणि घरी जायचं. व्हिडिओ दुसऱ्या कुणाचा तरी येतोच.

व्यवस्थापक · १७ जून, दुपारी २:०५

हत्तिणीच्या विषयावरचे चार प्रतिसाद काढले आहेत. त्यासाठी वेगळा धागा आहे, तिथं भांडा.

लवंगीची_आई · २२ जून, रात्री ९:३०

तपासणी झाली. कंबर, सांधे ठीक, एका कानाला जुनी सूज होती, औषध सुरू आहे. जिन्याचं दार आता उघडं असतं. वरच्या पायरीवर गोणपाट टाकलंय. मंगळवारी टाकी वाहिली तेव्हा ती वर गेली, थरथरली, पण ओरबाडणं नाही, लाळ नाही.

दोन प्रश्न. ती थरथरत असताना मी जवळ घेतलं तर सासूबाई म्हणतात भीतीचे लाड होतात, अजून वाढेल. खरं आहे का? आणि मेडिकलवाला झोपेची गोळी देतो म्हणाला.

जित्राबांचा_डॉक्टर · २२ जून, रात्री १०:१०

भीती ही काही युक्ती नव्हे, बक्षीस मिळालं म्हणून वाढायला. ती स्वतः टेकायला आली तर घ्या जवळ. आली नाही तर ओढून घेऊ नका, नुसतं पायरीवर बसा.

गोळी स्वतःच्या मनानं अजिबात नको. काही गुंगीची औषधं अशी आहेत की शरीर ढिलं पडतं, भीती आत तशीच राहते. म्हणजे पळताही येईना. खरोखर उपयोगी पडणारी औषधं आहेत, पण ती तुमचे डॉक्टर वजन-तब्येत बघून देतील आणि ती आठवडे-महिने चालतात.

आता पाण्याचं. ती पोटभर फिरून आलेली असताना, अंगणाच्या लांबच्या टोकाला वाटीभर पाणी ओता. इकडं तिच्यापुढं सुकट किंवा उकडलेलं चिकन. पाणी आधी, खाऊ लगेच मागून, हा क्रम पाळा. खाल्लं तर उद्या परत तेवढंच. खायला नाही म्हणाली तर वाटी फार जवळ आली म्हणून समजा. जिन्याची वाट कायम मोकळी.

मानसशास्त्राची_मास्तरीण · २२ जून, रात्री १०:४५

यात एक भर. जुनी भीती खोडली जात नाही. तिच्यावर नवी आठवण बसते, भिंतीवर रंगाचा हात मारावा तशी. महिनाभर सगळं सुरळीत चालेल आणि एखाद्या पावसाळी रात्री जुना रंग वर येईल. पावलॉवला हेही दिसलं होतं. त्या दिवशी हताश होऊन दार लावू नका.

लवंगीची_आई · ३ जुलै, रात्री ८:००

वाटी आता अंगणाच्या मध्यापर्यंत आली. सुकट खाते, एक डोळा पाण्यावर ठेवून. सासरे रोज खुर्ची टाकून बघायला बसतात, 'आज दोन फरशा पुढं' म्हणून मलाच सांगतात. मामाकडं सोडायची भाषा बंद आहे.

तालमीतला_गडी · ३ जुलै, रात्री ९:२५

आमच्या कुत्र्याला पोरं रोज दूध ठेवत्यात आता. वस्तादांनी काठी आत ठेवली. शेपूट अजून पायातच हाय, पर काल पहिल्यांदा भुंकलं. कुणावर ते कळलं नाही.

लवंगीची_आई · १९ जुलै, सकाळी ७:४०

बाई म्हणाल्या तसंच झालं. परवा रात्रभर पाऊस, दाराखालून पाणी आलं आणि लवंगी वाटीबिटी सगळं विसरून गच्चीवर. पत्र्याच्या शेडखाली भिजत बसली. मला रडू आलं. पण पहाटे चारच्या सुमाराला पाऊस चालू असतानाच ती आपणहून खाली आली, पार खाली नाही, तिसऱ्या पायरीपर्यंत. दीर चहा घेऊन तिच्या वरच्या पायरीवर बसले होते. त्यांची सगळी इंजेक्शनं संपली. हात लावला नाही, नुसते बसले. तिनं त्यांच्या पायावर हनुवटी टेकली.

टाकी भरली की मोटर आपोआप बंद व्हायचं यंत्र काल बसवून घेतलं. ते चार वर्षांपूर्वी बसवलं असतं तर हा धागा निघाला नसता.

म्हसवाला_गंगावेस · १९ जुलै, सकाळी ११:१५

लई ब्येस ताई. आमच्या चंद्रीचं बी बरं चाललंय. रोज सकाळी आंबोणाच्या टायमाला भोंगा लावतोय, तोंड काढत न्हाई आता. फकस्त रेकॉर्डिंग घावलं ते एका प्रचाराचंच. शेजारी इचारत्यात, 'पावणं, कुठनं उभं ऱ्हाताय?'